१४ दिवसांत ऑस्ट्रेलिया: आधी रात्री मोजा

प्रश्न: मे महिन्यात आम्ही चौघं (मी, नवरा, ११ वर्षांची मुलगी आणि ७० वर्षांच्या सासूबाई) ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवतोय. मुंबईहून निघून मुंबईला परत, एकूण १४ दिवस. मनात आहे ते असं: सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स, उलुरू, पर्थ, मेलबर्न आणि तिथून ग्रेट ओशन रोड हा समुद्राकाठचा रस्ता. मेलबर्नला माझी मावसबहीण असते. मुलीला केर्न्सचे प्रवाळ बघायचे आहेत. सासूबाई भूगोल शिकवायच्या, त्यांना उलुरूचा तो लाल खडक एकदा डोळ्यांनी बघायचाय. हे सगळं बसेल का?

उत्तर:

सगळं बसणार नाही. पण तुम्ही शेवटी जी दोन वाक्यं लिहिली आहेत, मुलीचे प्रवाळ आणि सासूबाईंचा खडक, ती दोन्ही नीट बसतात. मी २२ वर्षं लोकांना प्रवासाची आखणी करून देते आहे. माझ्याकडे बरीच कुटुंबं नुसती यादी घेऊन येतात; कोणाला नेमकं काय बघायचंय हे विचारलं की एकमेकांकडे बघतात. तुमच्या घरात ते स्पष्ट आहे. म्हणून यादी बाजूला ठेवते आणि त्या दोन वाक्यांपासून सुरुवात करते.

माझा सल्ला: सिडनी, उलुरू, केर्न्स. तीनच. गोल्ड कोस्ट, पर्थ आणि मेलबर्नसुद्धा गाळा. मेलबर्न वाचून तुम्ही थबकला असाल, बहिणीबद्दल पुढे लिहिते.

आधी हिशेब. प्रवासाची आखणी करताना मी दिवस मोजत नाही, रात्री मोजते. पहिल्या दिवशी रात्री मुंबईहून निघालात आणि सिंगापूरमार्गे गेलात, तर सिडनीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचाल. चौदाव्या दिवशी सकाळी निघून त्याच रात्री घरी, कारण येताना घड्याळ तुमच्या बाजूचं असतं. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या जमिनीवर रात्री १२, आणि त्यांच्या मधले मोकळे दिवस ११. आता या ११ दिवसांतून प्रत्येक गाव बदलण्याचा एक दिवस वजा करायचा. लोक म्हणतात, विमान तर तीन तासांचं आहे, दिवस कसा जाईल? सकाळी उठून बॅगा भरा, खोली सोडा, विमानतळ गाठा, दीड-दोन तास आधी पोचा, तीन तास उडा, सामानाची वाट बघा, नव्या गावात हॉटेल शोधा. खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मेमध्ये तिकडे हिवाळा तोंडावर आलेला असतो आणि सिडनीत पाच वाजता सूर्य मावळतो. तेव्हा उरला तो संध्याकाळचा फेरफटका.

तुमच्या यादीप्रमाणे सहा गावं म्हणजे पाच वेळा बाडबिस्तरा हलवायचा. ११ मधून पाच गेले, सहा उरले. सहा दिवस, सहा गावं, आणि त्यातल्या एका दिवसात ग्रेट ओशन रोडही. सासूबाईंना ऑस्ट्रेलियातले विमानतळ तेवढे नीट बघून होतील.

अंतरांचा अंदाज नकाशावरून येत नाही, कारण आपण ऑस्ट्रेलिया नेहमी कोपऱ्यात छोटा छापलेला बघतो. तो देश भारताच्या दुपटीहून मोठा आहे. सिडनी ते केर्न्स हे हवाई अंतर मुंबई ते दुबईएवढं आहे. सिडनी ते पर्थ हे कन्याकुमारी ते श्रीनगरपेक्षाही जास्त. एवढ्यावरून पर्थचा निकाल लागतो: जायला पाच तास, यायला जवळपास तेवढेच, शिवाय घड्याळात दोन तासांचा फरक. पर्थ सुंदर आहे, पण ती वेगळी सहल आहे. गोल्ड कोस्टला लांब वाळूचे किनारे आणि मनोरंजनाची मोठी उद्यानं आहेत. मुलीने स्वतःहून ते मागितलेलं नाही, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही.

आता आखणीतली खरी मेख. कुठल्याही मोठ्या देशात अनेक ठिकाणं जोडताना सगळ्यांत दुर्मीळ दुवा आधी पक्का करायचा, आणि बाकीचं त्याभोवती विणायचं. सिडनीहून केर्न्सला दिवसातून अनेक विमानं आहेत, त्यांची चिंता नको. तुमच्या प्रवासातला दुर्मीळ दुवा आहे उलुरू ते केर्न्स. हे थेट विमान आठवड्यातले काहीच दिवस असतं आणि वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. ते चुकलं तर सिडनी किंवा ब्रिस्बेनला वळसा घालून जावं लागतं, आणि अख्खा दिवस जातो. म्हणून मुंबईचं तिकीट काढण्याआधी, हॉटेल बघण्याआधी, हे एक विमान कोणत्या वारी आहे ते बघा. मग त्या वारावरून मागे मोजत मुंबईहून निघायचा दिवस ठरवा. बहुतेक लोक उलटं करतात: मुंबईचं स्वस्त तिकीट दिसलं की काढून मोकळे होतात आणि मग आत सगळी ओढाताण सुरू होते.

समजा ते विमान मंगळवारी मिळालं. मग बुधवारी रात्री मुंबई सोडा. गुरुवारी संध्याकाळी सिडनी, तिथे तीन रात्री. रविवारी उलुरू, दोन रात्री. मंगळवारी केर्न्स, चार रात्री. शनिवारी परत सिडनी, तीन रात्री, आणि पुढच्या मंगळवारी सकाळी घरचं विमान. तीन वेळा गाव बदललं, आठ दिवस पूर्ण हातात. वार एखाद्या दिवसाने सरकला तर सगळी साखळी तेवढीच सरकवायची, रात्रींची संख्या तीच ठेवायची.

परत सिडनीलाच का? साधारण नियम असा की एका शहरातून देशात शिरावं आणि दुसऱ्यातून बाहेर पडावं, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. हा नियम मीही पाळते. इथे मोडते आहे, त्याला कारणं आहेत. तुमचं घरचं विमान ज्या शहरातून आहे तिथे तुम्ही तीन रात्री आधीच पोचलेले असाल, त्यामुळे केर्न्सचं विमान रद्द झालं तरी मुंबईचं चुकत नाही. दुसरं, शेवटचा मुक्काम ओळखीच्या हॉटेलात, ओळखीच्या रस्त्यावर असला की वयस्कर माणसाला हायसं वाटतं. तिसरं कारण बॅगांचं. तिथल्या स्वस्त विमान कंपन्या हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा लावतात आणि काटेकोरपणे वजन करतात. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. सिडनीच्या हॉटेलला आधीच विचारून दोन मोठ्या बॅगा तिथेच ठेवा आणि मधले सहा दिवस दोन लहान बॅगांवर काढा.

एक जपायची गोष्ट: सिडनीच्या विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ विमानांना बंदी असते. संध्याकाळी उशिराचं विमान लांबलं तर ते दुसरीकडे वळवलं जाऊ शकतं किंवा रद्दच होतं. केर्न्सहून परतताना सकाळचं किंवा दुपारचं विमान घ्या, शेवटचं कधीच नको. आणि सिडनी–उलुरू–केर्न्स–सिडनी ही तिन्ही तिकिटं शक्यतो एकाच कंपनीकडे, एकाच आरक्षणात काढा.

आता उलुरू. त्याबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण घाईच्या सहलीतून सगळ्यांत आधी तोच गाळला जातो. "एक दगड बघायला एवढ्या लांब?" असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. सासूबाईंनी शिकवलं तेव्हा पुस्तकात कदाचित 'एअर्स रॉक' असेल. ते नाव १८७३ मध्ये एका इंग्रज सर्वेक्षकाने दिलं; तिथले मूळ मालक अनांगू लोक त्याला पहिल्यापासून उलुरूच म्हणतात. १९८५ मध्ये ती जमीन त्यांना परत मिळाली, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून खडकावर चढणं कायमचं बंद झालं. त्यांच्यासाठी ती पवित्र जागा आहे. खडकाच्या काही भागांचे फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळा.

३४८ मीटर उंची ही सह्याद्रीतल्या माणसाला काहीच वाटणार नाही. पण आपले डोंगर आडव्या थरांचे, लाव्हाचे, पायऱ्यापायऱ्यांचे. उलुरू वालुकाश्माचा आहे आणि त्याचे थर जवळपास उभे आहेत, मूळचे आडवे थर भूकवचाच्या हालचालींत ८५ अंशांपर्यंत कलले. फळ्यावर वली पर्वत काढून दाखवलेल्या बाईंना हे समोर बघून काय वाटेल ते मला इथे बसून कळतंय. लाल रंग आतल्या लोहाच्या गंजामुळे. आत दगड राखाडी आहे. हे सगळं त्यांना ठाऊक असेलही. पहिल्या संध्याकाळी त्यांना तुमच्या मुलीला सांगू द्या, तुम्ही गाइडचं बोलणं थोडं कमी ऐका.

राहायचं युलारा नावाच्या छोट्या वस्तीत, राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर. विमानतळावरून हॉटेलपर्यंत बस असते. खडक तिथून सुमारे २० किलोमीटर. विमान साधारण दुपारच्या आसपास पोचतं, म्हणून पहिल्या दिवशी फक्त सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी सूर्योदय. मेमध्ये तो सव्वासातच्या सुमारास होतो, त्यामुळे डिसेंबरसारखं पहाटे चारला उठावं लागत नाही. पूर्ण खडकाभोवतीची वाट दहा किलोमीटरची आहे. ती तुम्ही दोघं आळीपाळीने किंवा मुलीबरोबर करा. सासूबाईंसाठी मुटिजुलू पाणवठ्याची वाट आहे, सपाट, जाऊन-येऊन साधारण एक किलोमीटर, चाकाच्या खुर्चीलाही चालेल अशी. खडकाच्या कुशीत, अगदी हात लावायच्या अंतरावर, झाडांखाली बसायला जागा आहे. तिथे अर्धा तास ठेवा. दुपारनंतर काटा जुटा, ३६ घुमटांचा समूह, युलाराहून सुमारे ५० किलोमीटरवर. अंग थकलं असेल तर हे गाळलं तरी चालेल. उद्यानाचा पास तीन दिवस चालतो, त्यामुळे घाई नको.

पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली असतं आणि दुपारी विशीच्या पुढे. स्वेटर, कानटोपी आणि दुपारची सुती टोपी, तिन्ही लागतात. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, ४० अंशांचा चटका आणि माश्या असतात आणि दुपारी वाटा बंद करतात. तुमचा मे योग्य आहे.

केर्न्सच्या चार रात्रींवर तुमच्या घरात वाद होईल: तीन पुरणार नाहीत का? माझ्या पहिल्या काही वर्षांत मी एका कुटुंबाला केर्न्समध्ये दोनच रात्री दिल्या होत्या. मधला एकच दिवस, त्याच दिवशी प्रवाळाची बोट. जोराच्या वाऱ्यामुळे बोट सुटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. पैसे परत मिळाले, पण त्यांचा मुलगा किनाऱ्यावर उभा राहून रडला आणि त्याच्या आईने मला तिथूनच फोन केला. चूक माझी होती. तेव्हापासून समुद्रावर किंवा हवामानावर अवलंबून असलेली गोष्ट मुक्कामाच्या पहिल्या पूर्ण दिवशी ठेवायची आणि मागे एक हातचा दिवस राखायचा, हे मी कधी मोडलेलं नाही.

मेमध्ये तिकडे पावसाळा सरलेला असतो, हवा छान असते, पण आग्नेयेकडून वारे वाहू लागतात आणि समुद्र हलतो. उलटी थांबवणारी गोळी निघण्याआधी घ्या, बोट हलायला लागल्यावर उपयोग होत नाही. बोट मोठी, दोन तळ जोडलेली (कॅटमरॅन) निवडा, जी बाहेरच्या प्रवाळापाशी कायम नांगरलेल्या तराफ्यावर जाऊन थांबते. दीड-दोन तासांचा प्रवास आहे. तराफा स्थिर असतो, तिथे बसायला सावली आणि जेवण असतं, काचेच्या तळाची बोट आणि पाण्याखालून खिडक्यांतून बघायची अर्धपाणबुडी असते. म्हणजे पोहता न येणाऱ्या सासूबाईंनाही प्रवाळ दिसतील. लहान वेगवान बोटी पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी ठीक, तुमच्या घरासाठी नाहीत. मुलीला निघेपर्यंत पुण्या-मुंबईच्या जलतरण तलावात तोंडात नळी धरून श्वास घ्यायचा सराव करू द्या. आठवडाभराचा सराव तिथल्या पहिल्या अर्ध्या तासाची भीती घालवतो. डंख मारणाऱ्या जेलीफिशचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे असतो, म्हणून अंगभर घट्ट पोशाख देतात, तो घालाच. तुम्हाला दोघांना सिलिंडर लावून बुडी मारायची असेल तर तीही पहिल्याच दिवशी, कारण बुडीनंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी कुरांडा हे डोंगरातलं गाव. जाताना १८९१ पासूनची डोंगरातली रेल्वे, येताना जंगलावरून साडेसात किलोमीटरचा रोपवे. चालणं कमी, बघणं भरपूर. तिसरा दिवस हातचा. बोट पहिल्या दिवशी सुटली असेल तर हा दिवस गावात काढा. केर्न्स शहराला पोहण्याजोगा किनारा नाही, चिखलाची दलदल आहे, पण किनाऱ्याच्या रस्त्यावर मोठा मोफत जलतरण तलाव आहे. कपडे धुवा, झोपा, आइस्क्रीम खा.

सिडनी थोडक्यात, कारण त्याची माहिती सगळीकडे आहे. पहिल्या दोन सकाळी काही ठरवू नका. मेमध्ये सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. तिथे सकाळी सातला गजर लावलात तर शरीराच्या हिशेबाने पहाटेचे अडीच वाजलेले असतात. ऑपेरा हाउसजवळच्या धक्क्यावरून मॅनलीची बोट घ्या, अर्धा तास लागतो, आणि पर्यटकांसाठीच्या महागड्या फेरीत दिसतं ते जवळपास सगळं त्यात दिसतं. ब्लू माउंटन्सला सेंट्रल स्टेशनहून कटूम्बाची गाडी, सुमारे दोन तास. ही सहल दुसऱ्या मुक्कामात, म्हणजे झोप जागेवर आल्यावर. विमानतळावरच्या रेल्वे स्टेशनला वेगळा अधिभार पडतो, चौघांना टॅक्सीचा हिशेब जवळपास तेवढाच येतो. मेच्या अखेरीकडे शहरात दिव्यांचा मोठा उत्सव सुरू होतो, तेव्हा धक्क्याजवळची हॉटेलं महागतात.

आता बहीण. मेलबर्न–सिडनी विमानं सकाळपासून रात्रीपर्यंत सुटत असतात, प्रवास दीड तासाचा. चौघांनी, त्यात एक ७० वर्षांच्या, तिच्याकडे जाण्यापेक्षा तिने शनिवार-रविवार तुमच्याकडे सिडनीला येणं सोपं आहे. म्हणून तर वरच्या आखणीत शेवटचा सिडनी मुक्काम शनिवारी सुरू केला. तिला आजच फोन करा, लवकर तिकीट काढलं तर स्वस्त पडेल. दोन खोल्यांचं, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलंत तर रविवारी हॅरिस पार्क या सिडनीतल्या भारतीय वस्तीतून सामान आणून पिठलं-भात करता येईल. तिथे आपलं सगळं मिळतं. मात्र मग बॅगा ठेवायची सोय वेगळी बघावी लागेल.

तिला येणं शक्यच नसेल, तर शेवटच्या तीन रात्री सिडनीऐवजी मेलबर्नला द्या. केर्न्सहून थेट विमान आहे, साडेतीन तासांच्या आसपास. मुंबईला तिथूनच परता. गावबदल तेवढेच राहतात. पण मग ग्रेट ओशन रोड करू नका. बाहेरगावचे लोक तो एका दिवसात बारा तास बसमध्ये बसून करतात. मेमध्ये सव्वापाचलाच दिवस मावळतो आणि परतीचा सगळा रस्ता अंधारात जातो. त्याला मधे एक रात्र लागते, ती तुमच्याकडे नाही. त्याऐवजी फिलिप आयलंडचे छोटे पेंग्विन बघा. ते अंधार पडताना समुद्रातून बाहेर येतात. डिसेंबरात त्यासाठी रात्री नऊपर्यंत थांबावं लागतं, मेमध्ये सहाच्या सुमारास होतं आणि मुलगी वेळेवर झोपते.

सासूबाई शाकाहारी असतील असं धरून एवढंच. युलारामध्ये एक सुपरमार्केट आहे, पण आपलं जेवण नाही. तिथे आणि केर्न्सला स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, उपम्याचं तयार पीठ न्यायचं असेल तर विमानातल्या फॉर्मवर खाद्यपदार्थ असल्याचं "हो" लिहा आणि अधिकाऱ्याला दाखवा. जाहीर केलेली वस्तू नियमात बसत नसेल तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर जबर दंड होतो. ताजी फळं, कढीपत्ता, बिया, दुधाचे पदार्थ नेऊच नका. रोजची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

व्हिसा ऑनलाइन असतो, पासपोर्टवर शिक्का लागत नाही, पण चौघांचे अर्ज आणि कागद वेगवेगळे भरावे लागतात. तो हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं काही आरक्षित करू नका. आज रात्री फक्त एक काम करा: उलुरू ते केर्न्सचं थेट विमान मेमध्ये कोणत्या वारी आहे ते बघा आणि मला कळवा. वार कळला की बाकीच्या तारखा मी तासाभरात मांडून देते.